सूचना : रविवारच्या बैठकीला जुनी रोजनिशी आणताना

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता, नौपाड्यातील नेहमीच्या खोलीत, घरच्या रोजनिशा आणि जगातल्या घडामोडी शेजारीशेजारी लावायच्या आहेत. प्रत्येकाने १९४२ ते १९४५ मधली सलग दहा-बारा पाने निवडून आणावीत.

वहीला सेलोटेप किंवा लॅमिनेशन नको. डिंक पाझरून शाई खातो. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, तशाच आणा. खोलीत फक्त पेन्सिल चालेल. चहा बाहेर.

आडव्या कागदावर तीन रकाने : तारीख, घरची नोंद जशीच्या तशी, जगातली घटना. शकात तारीख असेल तर इसवी सन काढण्यासाठी गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, १ जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९. इथेच वर्ष हमखास चुकते.

वेळांचा घोळ त्याहून मोठा. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ युद्धामुळे घड्याळे तासभर पुढे होती. शिवाय काही घरांत जुना 'मुंबई टाइम' चाले, तो भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे. म्हणून १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाची वेळ दोन वह्यांत वेगळी दिसली तर एकीला खोटी ठरवू नका.

ओढूनताणून संबंध जोडू नका. तांदूळ महागल्याची नोंद मार्च १९४२ नंतरची असेल तर रंगून जपानच्या हाती पडल्याचा उल्लेख शोभतो, कारण ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला होता. बारशाच्या नोंदीसमोर तिसरा रकाना कोरा राहिला तरी चालेल.

मोडी पाने असतील तर शनिवारपर्यंत गटावर फोटो टाका, फ्लॅश न वापरता.