परसातल्या आडोशासाठी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचं पत्र होतं. शेजारच्या खिडकीतून आपलं परस दिसतं म्हणून कुरकुर करणाऱ्यांना त्यांनी विचारलं होतं, की तुम्ही काही वावगं करत नसाल तर कुणी बघितलं म्हणून बिघडलं कुठे? मी ते दोनदा वाचलं. रोज सकाळी आमच्या ह्यांना मी पेपर मोठ्याने वाचून दाखवते, त्या दिवशी ते पत्र मात्र गाळलं. का गाळलं, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

दीड वर्षापूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय फरफटतो, उजवा हात मनगटात वळलेला असतो, तोंडाच्या कडेने नकळत लाळ येते. घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: चालायला हवं, रोज, आणि जमेल तितकं मोकळ्यावर. आमच्या मागच्या दारापासून पाण्याच्या हौदापर्यंत चोवीस पावलांची वाट आहे. वॉकर धरून तिथे जायचं आणि परत यायचं, असं आम्ही सुरू केलं. परसाच्या डाव्या भिंतीपलीकडे पूर्वी बैठं घर होतं, तिथे तोवर दोन मजले चढले होते. पहिल्या मजल्यावरची स्वयंपाकघराची खिडकी आणि दुसऱ्या मजल्यावरची बाल्कनी, दोन्ही थेट आमच्या परसात बघतात.

पाच-सहा दिवस हे चालले. मग एका सकाळी अर्ध्या वाटेवर पायजम्याची नाडी सुटली. डावा हात वॉकरवर, उजवा हात कामाचा नाही. मी धावत जाऊन बांधली आणि मान वर केली, तर बाल्कनीत दोन मुलं आणि त्यांच्यामागे एक मोठं माणूस उभं होतं. कुणी हसलं नाही, कुणी काही बोललंही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी परसात पाऊल टाकलं नाही. चार महिने.

आता त्या पत्रलेखकांनी सांगावं, यात वावगं काय होतं? माणूस पुन्हा चालायला शिकत असतो तेव्हा त्याला आडोसा लागतो. तान्ह्या बाळाला पाजणाऱ्या आईला लागतो. घरातलं कुणी गेलं की जिला चारचौघांत रडता येत नाही तिलाही लागतो. आणि काहीही कारण नसताना, नुसतं डोळे मिटून उन्हात पडावं असं वाटणाऱ्यालाही लागतो, त्याने कारण का द्यावं? घराच्या आत भिंती आहेत म्हणून तिथे आपण सैल होतो. परस म्हणजे घराचीच शेवटची खोली, तिला छत नाही एवढंच.

आम्ही सुरुवातीला जे केलं ते चुकलं, आणि तसंच बरेच जण करतात म्हणून सविस्तर सांगते. पाच फुटांच्या भिंतीवर आम्ही चार फुटांचे पत्रे उभे केले. पहिला वारा सुटला तेव्हा रात्रभर पत्र्यांचा खडखडाट, आमची झोप गेली आणि शेजाऱ्यांचीही. भरीव आडोशावर वारा सगळ्या जोराने आदळतो, वरून उडी मारून पलीकडे भोवरा करतो. निम्म्याच्या आसपास फटी असलेली जाळी किंवा झाडांची रांग वाऱ्याला गाळून घेते, अडवून धरत नाही, हे मला नंतर कळलं. भिंतीलगतची शेवंती सावलीत पिवळी पडली. दुपारी पत्रा तापून त्या बाजूला उभं राहवेना. आणि एवढं करून बाल्कनी दिसायची ती दिसायचीच.

आमचा पुतण्या जमीनमोजणीचं काम करतो. तो आला, परसात खुर्ची टाकून बसला आणि म्हणाला, "काकू, इकडे बसा. आता तळहात डोळ्यांसमोर धरा." मी धरला. अख्खी इमारत झाकली गेली. "हात भिंतीपाशी नेला असता तर काय झाकलं असतं? तुम्ही पत्रे चुकीच्या जागी लावलेत."

मग त्याने हिशोब मांडला. खुर्चीपासून शेजारची खिडकी ३३ फूट, मधली भिंत २२ फूट. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून ४ फूट, पहिल्या मजल्यावर उभ्या असलेल्या बाईचे १५ फूट. दोन्ही डोळ्यांना जोडणारी एक सरळ दोरी कल्पावी. ती भिंतीवरून जाते तेव्हा ११ फुटांहून उंच असते, म्हणजे तिथे तेवढा उंच आडोसा हवा. आमचे पत्रे ९ फुटांवरच संपत होते. तीच दोरी खुर्चीपासून ३ फुटांवर जेमतेम ५ फुटांवर असते. दुसऱ्या मजल्याचं धरलं, डोळे २५ फुटांवर, तर भिंतीवर १८ फूट लागतात आणि खुर्चीजवळ ६. आडोसा बघणाऱ्याच्या बाजूला सरकवावा तितका तो उंच होत जातो, आपल्याजवळ घ्यावा तितका बुटका पुरतो. एवढी साधी गोष्ट, पण कुंपण म्हटलं की हात आपोआप हद्दीकडे जातो.

ज्यांना हिशोब नको त्यांनी एक करावं. आपल्या नेहमीच्या जागी बसावं. घरातल्या कुणाला तरी तीन फुटांवर लांब काठी उभी धरायला सांगावं. खिडकीची वरची कड आपल्याला काठीवर जिथे भिडलेली दिसते तिथे चिंधी बांधावी. आपले डोळे खिडकीला पाहू शकत नाहीत, तर खिडकीही आपल्या डोळ्यांना पाहू शकत नाही. डोक्याचा माथा डोळ्यांच्या वर असतो म्हणून चिंधीच्या वर एक वीत धरावी. हेच उभं राहून, चालत, तिरकं वळूनही बघावं. आम्ही तिरकं बघायला विसरलो होतो. समोरून झाकलेलं माणूस बाल्कनीच्या टोकावरून कडेने उघडं पडतं, म्हणून आडोसा वाटेच्या दोन्ही टोकांना तीन-तीन फूट पुढे न्यावा लागला.

पत्रे उतरवले. वाटेपासून तीन फुटांवर लोखंडी पाइपांची साडेसात फुटी चौकट उभी केली आणि तिच्यावर जाळी ताणली. वाट भिंतीला समांतर आहे हे आमचं नशीब. जाळीवर एका टोकाकडून कृष्णकमळ आणि दुसऱ्या टोकाकडून मधुमालती चढवली. पुतण्या बांबू लावा म्हणत होता. बांबू दोन तऱ्हेचा असतो, एक बेट धरून राहतो आणि दुसरा जमिनीखालून पसरत शेजाऱ्याच्या अंगणात निघतो. लावायचा तर पहिलाच, हे विचारूनच आणावा. कुंपणाची झाडं छाटताना माथा अरुंद आणि बुडखा रुंद ठेवावा, नाहीतर खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि नेमकी बसलेल्या माणसाच्या उंचीवर भगदाडं पडतात. पानगळीचं झाड भरवशाचं नाही, ते वर्षातून एकदा आपल्याला उघड्यावर टाकतं.

तरी वेल चढेपर्यंत वेळ होता, म्हणून मी हिय्या करून पहिल्या मजल्यावर गेले. हे मला सगळ्यात आधी सुचायला हवं होतं. खिडकीतल्या वहिनींनी दार उघडलं तेव्हा त्या अवघडल्या होत्या. म्हणाल्या, "काकू, पत्रे लागले तेव्हाच मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात. पण सिंक खिडकीखालीच आहे. ओट्याशी उभी राहिले की समोर दुसरं काय दिसणार?" मी त्यांच्या ओट्याशी उभी राहून पाहिलं. खरंच, आमच्या हौदाशिवाय काही दिसत नव्हतं. मग त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या मागच्या दारावरचा दिवा रात्रभर आमच्या झोपायच्या खोलीत येतो." आठ महिने तो दिवा त्यांच्या डोळ्यांवर होता आणि मला पत्ता नव्हता. त्याच दिवशी आम्ही त्याला झाकण बसवून प्रकाश पायाशी पाडला. त्यात आमचाही फायदा झाला, कारण अंधारात उजेडाखाली बसलेलं माणूस जाळीतूनही स्पष्ट दिसतं.

वहिनींनी खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला धूसर कागद लावून घेतला. उजेड येतो, नजर जात नाही. दुकानदार त्यांना आरशासारखा कागद गळ्यात मारत होता, बाहेरून आतलं दिसत नाही असा. तो दिवसाच तसा चालतो; रात्री घरात दिवा आणि बाहेर अंधार झाला की उलटं होतं आणि त्यांचं स्वयंपाकघर सगळ्यांना दिसलं असतं. नको म्हणाल्या ते बरं झालं.

बाल्कनीवाल्यांशी बोलणं तितकं सोपं गेलं नाही. "आमच्या घरातून आम्ही कुठे बघायचं ते तुम्ही सांगणार? त्रास होत असेल तर पडदा लावा," असं ऐकवलं गेलं. पडदा आम्ही लावतच होतो. पण ज्याला त्रास होतो त्यानेच सगळा खर्च, सगळी खटपट करायची, हे मला पटत नाही, आणि पटत नाही अशी मी एकटी नाही. लंडनमध्ये टेट मॉडर्न या कलादालनाच्या सज्जातून प्रेक्षक समोरच्या काचेच्या घरांत बघत. रहिवासी कोर्टात गेले, तेव्हा खालच्या कोर्टानेही पडद्यांचीच वाट दाखवली होती. २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल रहिवाशांच्या बाजूने दिला आणि बचावाचं ओझं सोसणाऱ्यावर टाकता येत नाही असं सांगितलं. अर्थात तिथे वर्षाला लाखो लोक येत होते. शेजाऱ्याची साधी खिडकी त्या निकालात बसत नाही, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं.

म्हणून माझं खरं गाऱ्हाणं खिडकीत उभ्या राहणाऱ्यांकडे नाही, खिडकी आखणाऱ्यांकडे आहे. नकाशा काढताना उजेड बघतात, वारा बघतात, आगीसाठी अंतर सोडतात. त्या खिडकीतून समोर काय दिसेल, हे कागदावर कुणी बघतं का? बघता येतं. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत शेजाऱ्याच्या जागेवर थेट बघणाऱ्या खिडकीसाठी १.९ मीटर अंतर सांगितलेलं आहे, आणि ती संहिता १८०४ सालची. अंतर थोडं आहे, पण नजर ही मोजायची गोष्ट आहे हे त्यात मान्य केलं आहे. इंग्लंडमध्ये वेगळी परवानगी न घेता घरात बदल करताना वरच्या मजल्यावर बाजूच्या भिंतीत खिडकी काढली, तर तिची काच धूसर लागते आणि खोलीच्या जमिनीपासून १.७ मीटरच्या खाली ती उघडता येत नाही. आमच्या शेजारी जिन्याची खिडकी मोकळ्या रस्त्याकडे काढली आहे आणि ओट्याची आमच्या परसाकडे. दोन्हींची अदलाबदल केली असती तर कुणाचं काय गेलं असतं? सिंकवरची खिडकी दीड फूट वर घेतली असती तरी वहिनींना आकाश दिसलं असतं आणि आम्हाला परस राहिलं असतं. घर बांधताना हा बदल पेन्सिलीच्या एका रेघेचा असतो. घर उभं राहिल्यावर त्याला चौकट, जाळी, वेल आणि एका माणसाचे चार महिने लागतात.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरबांधणीवर लेख येतात. त्या लेखकांना माझी विनंती पोहोचवावी, की बाल्कनीतून काय दिसेल याची चित्रं ते काढतात, तसं खालच्या अंगणातून ती बाल्कनी कशी दिसेल याचंही एकदा काढावं. बाल्कनीच्या कठड्याला काचेऐवजी उभ्या पट्ट्या दिल्या, तिच्या कडेला एक कुंड्यांची रांग धरली, तरी खाली राहणाऱ्याला श्वास घेता येतो.

ह्यांनी मागच्या महिन्यापासून पुन्हा चालायला सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी दारात उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मी काठी आणि चिंधी आणून खुर्चीत बसवलं, मग वाटेवर उभं केलं, आणि दोन्हीकडून त्यांनाच खिडकी शोधायला लावली. सापडली नाही तेव्हा वॉकर पुढे सरकला. काल हौदापर्यंत दोनदा गेले आणि तिसऱ्यांदा निम्म्या वाटेवर थांबून कृष्णकमळाची कळी मोजत बसले. मधुमालती अजून वरच्या पाइपापर्यंत पोहोचलेली नाही, चार बोटं कमी आहे. तेवढ्या फटीला मी जुनी चादर बांधून ठेवली आहे.

आपली,
एक वाचक
(नाव-पत्ता छापू नये, ही विनंती.)