नावं विचारायची राहून गेली

माझ्या दादाला सहा वर्षांपासून स्वादुपिंडाची जुनाट सूज आहे. पोटदुखी घरच्यांच्या अंगवळणी पडली होती. पण त्या रात्री संडासला डांबरासारखी काळी झाली, मग लालभडक रक्त, आणि दादा दारातच कोसळला.

दुर्बिणीने तपासलं तर अल्सर नाही. तेव्हा एक तरुण डॉक्टर मॅडम अडून बसल्या, "स्वादुपिंडाचा आजार आहे ना, मग सीटी अँजिओग्राफी करूच." रक्तवाहिन्यांच्या त्या स्कॅनमध्ये दिसलं, पाचकरसाने प्लीहेच्या धमनीची भिंत झिजून फुगा आला होता. तो स्वादुपिंडाच्या नळीत फुटून रक्त आतड्यात उतरत होतं. थांबून थांबून वाहतं, म्हणून दुर्बिणीलाही चकवतं. मांडीतून बारीक नळी घालून त्या धमनीत कॉइल, म्हणजे रक्त अडवणाऱ्या बारीक तारेच्या गुंडाळ्या, बसवल्या. पोट उघडावं लागलं नाही.

मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू? आणि पहाटे तीनला रक्तपेढीत आलेली ती चार मुलं! एकाच्या बोटांना गॅरेजचं ऑइल तसंच होतं. रक्त दिलं आणि चहाही न घेता गेली. स्ट्रेचर ढकलताना दादाच्या उघड्या पायांवर स्वतःची शाल टाकणारे वॉर्डातले मामा, ती शाल आईने धुऊन, घडी करून ठेवलीय. न्यायला घरीच या, जेवूनच जा.