सांता गर्ट्रूडिसचा संकर निम्मा-निम्मा नव्हे

माननीय संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीतील परदेशी गोवंशावरच्या लेखात सांता गर्ट्रूडिस या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जातीचा उल्लेख भारतीय आणि विलायती रक्ताचा निम्मा-निम्मा संकर असा झाला आहे. प्रत्यक्षात या जातीत पाच-अष्टमांश रक्त शॉर्टहॉर्न या विलायती जातीचे आणि तीन-अष्टमांश ब्राह्मन या भारतीय वंशांतून घडलेल्या जातीचे असते. हे प्रमाण ज्या रीतीने साधले आणि टिकवले गेले, ती रीत आपल्या पशुपैदाशीलाही लागू पडणारी आहे, म्हणून हे पत्र.

दक्षिण टेक्सासमधील किंग रँच या गुरे पाळणाऱ्या मोठ्या मळ्यावरच्या विलायती वंशाच्या गायी तिथल्या उन्हापुढे, दुष्काळापुढे आणि गोचिडांपुढे टिकेनात, तेव्हा रँचने 1918 मध्ये पाऊण ते सात-अष्टमांश ब्राह्मन रक्ताचे 52 वळू विकत घेऊन शॉर्टहॉर्न गायींच्या कळपांत सोडले. त्यांच्या पैदाशीतून 1920 मध्ये मंकी नावाचा तांबडा खोंड जन्मला. रँचचा कारभार पाहणारे रॉबर्ट क्लेबर्ग यांनी तो नेमका हेरला, त्याची नर संतती पुन्हा त्याच रक्ताच्या गायींना लावली आणि रंगात किंवा बांध्यात उणी पडणारी जनावरे पिढ्यान्‌पिढ्या पैदाशीतून वगळली. आज या जातीच्या जनावरांची वंशावळ मंकीपर्यंत जाऊन पोचते. 1940 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने तिला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला.

हे जनावर गडद तांबडे, आखूड व तुकतुकीत केसांचे असते. कातडी सैल, गळ्याखाली पोळी लोंबती आणि वळूच्या पाठीवर छोटेसे वशिंड. उन्हात चरत राहणे, गोचिडांना दाद न देणे आणि कातडी थरथरवून माशी उडवणे हा वारसा झेबूचा, म्हणजे वशिंडाच्या भारतीय गोवंशाचा, तर भरलेले पुठ्ठे आणि मांसाचा मऊपणा शॉर्टहॉर्नचा. गायी विताना सहसा अडत नाहीत. वळूंच्या पोटाखालची कातडी मात्र अनेकदा फाजील लोंबते आणि काटेरी झुडपांत फाटते, हा जातीचा जुना दोष. झेबूच्या रक्ताचा फरक पाहायला टेक्सासला जाण्याची गरज नाही. मुंबईच्या उपनगरातील एखाद्या तबेल्यात मे महिन्याच्या दुपारी होल्स्टीन संकरित गाय जीभ बाहेर काढून, लाळ गाळत धापा टाकत असते आणि शेजारी बांधलेली गीर निवांत रवंथ करते.

ब्राह्मन हीसुद्धा मूळची एकच जात नव्हे. आपल्याकडील कांकरेज, ओंगोल, गीर आणि थोड्या प्रमाणात कृष्णा व्हॅली या वंशांच्या मिश्रणातून ती अमेरिकेत तयार झाली. यातली कृष्णा व्हॅली तर आपल्या सांगली-मिरज भागातली. कृष्णाकाठच्या चिकट काळ्या रानात ओढकाम करणारा दांडगा बैल हवा म्हणून दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकात गीर, ओंगोल, कांकरेज आणि स्थानिक गायींच्या संकरातून ती घडवली. म्हणजे नवी जात घडवण्याची विद्या आपल्याला परकी नव्हती. ट्रॅक्टर आल्यावर त्या बैलाचे काम गेले, आणि आज या जातीची जनावरे फार थोडी उरली आहेत.

महाराष्ट्रात 2015 पासून गायींबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी असल्याने मांसासाठीच्या पैदाशीचा प्रश्न येथे उद्भवत नाही. दुधासाठीच्या संकराचा मात्र उद्भवतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टीन आणि जर्सी यांच्यापासून फुले त्रिवेणी तयार केली, हा स्तुत्य अपवाद. एरवी पहिल्या पिढीत दूध वाढले की आपण समाधान मानतो. पुढच्या पिढीला दवाखान्यात जी रेतमात्रा शिल्लक असेल ती भरली जाते, आणि दोन-तीन पिढ्यांनंतर गोठ्यातल्या कालवडीत विदेशी रक्त पाव आहे की पाऊण, हे ना मालकाला सांगता येते ना डॉक्टरला. अशा जनावरांना संकरित म्हणता येईल. पण ज्या कळपात रक्ताचे प्रमाणच ठाऊक नाही, तिथे निवड कशाची करायची?

आता जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ले आले आहेत. प्रत्येक कृत्रिम रेतनाच्या वेळी वळूचा क्रमांक आणि त्याच्या रक्ताचे प्रमाण त्या बिल्ल्यापुढे नोंदवून मालकाच्या हाती लेखी द्यावे, आणि पशुसंवर्धन विभागाने ही नोंद किमान तीन पिढ्या राखावी, एवढी मागणी आपल्या पत्राच्या माध्यमातून करीत आहे.

— एक निवृत्त पशुवैद्यक, परळ, मुंबई