रात्री पंप बंद करा? अहो, मासे पहाटेच मरतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत घराच्या बागेत कोई माशांचं (जपानचे ते रंगीत, शोभेचे मासे) तळं कसं करायचं यावर अर्धं पान आलं होतं. फोटो झकास होते, दगड कसे मांडायचे, कमळं कुठे लावायची (कोई ती चार दिवसांत उपटून टाकतात ही गोष्ट वेगळी), छोटा लाकडी पूल, सगळं होतं. आणि पंप-फिल्टरचं काय, तर शेवटी दोन ओळी. एक, कारंज्याचा कुठलाही छोटा पंप चालतो. दोन, वीज वाचवायची असेल तर रात्री झोपताना तो बंद करा. ही दुसरी ओळ वाचून माझा चहा गार झाला हो. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय, कुठेही कापा पण रात्रीचं तेवढं कापू नका.

कारण मीसुद्धा बंद करायचे. चार वर्षांपूर्वी आम्ही घरामागे तळं केलं, दहा फूट बाय सहा, खोली चार. इथून पु. ल. देशपांडे उद्यान जवळ, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेलं, तिथे फेरी मारून आलं की वाटतंच ना आपल्याकडे पण असं वाहतं पाणी हवं. सासूबाईंना मात्र रात्रभर पाण्याचा आवाज नको होता, म्हणायच्या सारखं उठावं लागतं, आणि बिलाची भीती मला होतीच, त्यामुळे दहाला पंप बंद, सकाळी सातला चालू. मे महिन्यात एका पहाटे साडेपाचला झाडांना पाणी घालायला गेले तर सातपैकी चार मासे आडवे, उरलेले तीन वर तोंड काढून नुसते हपापत होते.

कारण नंतर कळलं आणि ते अगदी सोपं आहे. पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं, पण अंधार पडला की तेच शेवाळ ऑक्सिजन ओढायला लागतं, मासे ओढतातच, गाळातले जंतू पण ओढतात, म्हणजे सगळ्यात कमी ऑक्सिजन असतो तो पहाटे, उजाडायच्या आधी. त्यात पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन मावतोच कमी, 20 अंशाला लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशाला साडेसात. हे मूळचे जपानच्या नीगाता भागातले मासे, तिथले शेतकरी भातखाचरांच्या तळ्यात खायला म्हणून कार्प पाळायचे, त्यातूनच रंगीत निघाले, आणि तिथे हिवाळ्यात माणसाहून उंच बर्फ पडतं. आपण त्यांना पुण्याच्या मे महिन्यात ठेवतो आणि वर ज्या वेळी पाणी हलायला हवं नेमकं त्याच वेळी पंप बंद करतो.

दुसरं म्हणजे फिल्टर. लोकांना वाटतं फिल्टर म्हणजे चहाची गाळणी. ती अर्धीच गोष्ट. कोई कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतात, तो दिसत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतं आणि मासे त्यात हळूहळू भाजत असतात. फिल्टरमधल्या जाळ्यांवर जे जंतू वाढतात ते या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट, जे मासे बऱ्यापैकी सोसतात. या जंतूंना पण ऑक्सिजन लागतो. बंद डब्याच्या फिल्टरमधलं पाणी रात्रभर थांबलं की ते आत गुदमरून मरायला लागतात आणि सकाळी पंप चालू केला की ते सडकं पाणी पहिल्या झटक्यात तळ्यात. नवीन फिल्टरवर ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे जातात, म्हणून सुरुवातीला मासे दोनच सोडा आणि खायला चिमूटभर टाका. आणि फिल्टरमधला स्पंज नळाखाली धुऊ नका प्लीज! नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतूंना मारायलाच घातलेलं असतं. बादलीत तळ्याचंच पाणी घ्या आणि त्यात पिळा.

आता पंप. इथे दुकानात फसायला होतं आणि मी छान फसले. आमच्या तळ्याचा हिशोब, 10 गुणिले 6 गुणिले 4 म्हणजे 240 घनफूट, एका घनफुटात 28.3 लिटर, म्हणजे सुमारे 6800 लिटर पाणी. कोईसाठी हे सगळं पाणी निदान दोन तासांत एकदा फिल्टरमधून जायला हवं, तासाला एकदा गेलं तर उत्तम. म्हणजे तासाला 3400 तर झालेच. बॉक्सवर 4000 लिटर लिहिलेला पंप घेतला, वाटलं चला वर शिल्लकच आहे. पण तो आकडा असतो पाणी अजिबात वर न चढवता. शेजारी अजून एक आकडा असतो, कमाल हेड 3 मीटर वगैरे, दुकानदार सांगतो बघा तीन मीटर चढवतो हा. चढवतो हो, पण तीन मीटरला पोचल्यावर बाहेर पाणी शून्य! मधल्या उंचीला काय मिळतं ते बॉक्सच्या मागच्या छोट्या आलेखात असतं, तो आलेख वाचा, नसेल तर तो पंप घेऊ नका. उंची मोजायची ती तळ्यातल्या पाण्याच्या पातळीपासून जिथे पाणी पडतं तिथपर्यंत, पंप खाली किती खोल ठेवलाय त्याने फरक पडत नाही.

आमचं पाणी पाच फुटांवर चढत होतं आणि प्लंबरने अर्ध्या इंची पाइप टाकला होता, त्यात चार काटकोनी एल्बो. एक दिवस 20 लिटरची बादली धरली आणि मोबाईलवर वेळ लावली, भरायला 50 सेकंद लागले. म्हणजे तासाला 1440 लिटर. 4000 चे 1440! बरं पंप चांगलाच होता, दोष पाइपचा आणि उंचीचा. नंतर दोन इंची पाइप घातला, जिथे वळवायचं तिथे एका नव्वदच्या एल्बोऐवजी पंचेचाळीसचे दोन बेंड, धबधबा दीड फुटांवर आणला (दिसायला कमी, मासे जास्त खूश), आणि कचरा गिळू शकेल असा मोठा पंप घेतला. कारंज्याच्या पंपाची जाळी इतकी बारीक असते की दर दोन दिवसांनी हात घालून साफ करा.

बिलाचं म्हणाल तर हा नवा 80 वॉटचा आहे, चोवीस तास चालवून महिन्याला 57-58 युनिट. काही जण घरात पडलेला पाणी चढवायचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉकच लावतात, तो तसाच चालवला तर महिन्याला अडीचशेच्या वर युनिट जातात, स्लॅब बदलतो, आणि तो रात्रंदिवस चालायला बनवलेलाच नसतो. शिवाय काही सबमर्सिबलच्या (पाण्यात बुडवून ठेवायच्या पंपांच्या) मोटरीत तेल असतं, सील गेलं की पाण्यावर तवंग. तेव्हा वीज वाचवायची तर कमी वॉटचा पंप बघा, मोठा पाइप घाला, उंची कमी करा. घड्याळ बघून बटण बंद करणं ही बचत नाही.

फिल्टर विकतचाच हवा असं नाही. आमचा दोन निळ्या ड्रमचा आहे, दोनशे दोनशे लिटरचे, घेताना आधी आत काय होतं ते विचारून आणि वास घेऊन घेतले. पहिल्यात ब्रश लटकवलेत, गाळ तिथे बसतो, खालच्या व्हॉल्व्हने आठवड्याला सोडून देते, कढीपत्त्याला ते पाणी फार मानवतं. दुसऱ्यात जंतूंसाठी प्लास्टिकच्या चाकांसारखे तुकडे, ज्यावर जंतू वाढतात (त्याला मीडिया म्हणतात), आणि खाली हवेचे बुडबुडे सोडणारा दगड. पैसे नव्हते तेव्हा भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या भरल्या होत्या, त्याही चालतात, फक्त साबणवाल्या नको. क्रम उलटा करू नका, आधी गाळ आणि मग जंतू, नाहीतर मीडियावर चिखल बसतो. विकतचे प्रेशर फिल्टर नीटनेटके दिसतात, लहान तळ्याला ठीक, पण गच्च झाले की पाण्याची धार बारीक होते आणि आपल्याला पत्ता नसतो, आणि बॉक्सवर जे लिटर लिहिलेले असतात ते बरेचदा चार गोल्डफिशवाल्या तळ्याचे असतात, दोन फुटांपर्यंत वाढणाऱ्या आणि दिवसभर खात सुटणाऱ्या कोईचे नाही.

यूव्ही दिवा हिरवं पाणी साफ करतो, बस्स. अमोनिया कमी करत नाही, दगडावरचं केसाळ शेवाळ काढत नाही. आणि दिवा वर्षभराने निळा दिसत राहिला तरी त्यातला जोर गेलेला असतो, बदलावा लागतो.

लाईट गेली तर काय, हा प्रश्न तुमच्या लेखात यायलाच हवा होता. पंप इन्व्हर्टरवर नसला तरी चालेल पण एक छोटा हवेचा पंप तरी टाका, आमचा 10 वॉटचा आहे, रात्रभर सहज निघतो. आणि पाण्याजवळ वायर आली म्हणजे अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच), त्यात काटकसर नको, मुलं तळ्यात हात घालतातच.

तर येत्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती छापाच ही विनंती. मागच्या गल्लीतल्या एका काकांनी तुमचं पान वाचून खड्डा खणायला घेतलाय, काल दाखवत होते, दहाला पंप बंद करणारा टायमरसुद्धा आणून ठेवलाय. मी संध्याकाळी बादली घेऊन जातेच आहे त्यांच्याकडे, पण माझ्यापेक्षा छापलेलं जास्त ऐकतात ते.

आपली,
एक नियमित वाचक
सिंहगड रोड, पुणे