फोटोत अक्षर दिसतं, हात दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात चार वर्षांची आहे, एका खासगी बालवर्गात जाते. परवा तिला घरी लिहायला दिलं होतं : ‘ग’, पाच ओळी. तिने लिहिला. सूनबाईने वहीचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि बाईंकडून लगेच शाबासकीचा तारा आला. मी मात्र तिच्या शेजारी बसून तिचा हात बघत होते. तिने आधी शिरोरेघ ओढली. मग काना खालून वर नेला. मग डावीकडची गाठ, तीही खालून सुरू करून, वरच्या रेघेला नेऊन चिकटवली. पुढच्या ओळीत सगळा क्रम पुन्हा वेगळा. ती ‘ग’ लिहीत नव्हती, ‘ग’चं चित्र काढत होती.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं पहिलीला शिकवलं. चित्र काढून शिकलेलं अक्षर पहिलीत खपून जातं. तिसरी-चौथीत श्रुतलेखन आलं की ते मूल मागे पडतं. हात प्रत्येक अक्षराला वाट शोधत राहतो, बोटं दुखतात, शब्द गळतात, आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो.

शिरोरेघेचंच बघा. ती शब्द पूर्ण झाल्यावर शेवटी द्यायची, ही जुन्या मास्तरांची शिस्त होती. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावरची रेघ मधे तुटते. मुलाने आधीच अखंड रेघ मारून ठेवली की ‘धन’चा ‘घन’ होतो आणि ‘भात’चा ‘मात’. वहीत लाल पेनाने चूक काढली जाते ती अक्षराची, चुकलेला असतो क्रम. शिवाय आपली अक्षरं वरच्या रेघेला लोंबतात, इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर उभी राहतात. एकाच आठवड्यात चाररेघी आणि दुरेघी अशा दोन्ही वह्या हातात दिल्यावर चार वर्षांच्या मुलाने काय करावं? नातीच्या वहीत मराठी अक्षरं खालच्या रेघेवर बसलेली आहेत आणि त्यांच्या शिरोरेघा मधेच कुठेतरी तरंगताहेत.

दुसरी गोष्ट ‘अ’ची. वर्णमालेत पहिला म्हणून हातालाही पहिला देतात. ‘अ’ लिहिताना दोन पोटं, मधली आडवी रेघ आणि काना, एवढं सगळं जमवावं लागतं. आपल्याकडे ‘गमभन’ म्हणतात ते उगीच नाही. ‘ग’ बसला की ‘म’ जवळच असतो. ‘र’वरून ‘स’, मग ‘ख’. ‘व’चं पोट जमलं की त्यात तिरपी रेघ देऊन ‘ब’, आणि कान्याच्या उजवीकडे वळण दिलं की ‘क’. ‘प’वरून ‘ष’ आणि ‘फ’. एका वळणावर आठवडा घालवला तरी चालतो, पुढची अक्षरं आपोआप येतात. बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकातही अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने येत नाहीत. मग बालवर्गांनीच ‘अ अननसाचा’ पाच-पाच ओळी का लिहून घ्याव्यात?

खरं तर चौथ्या वर्षी वहीच नको. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती नुसती कूर्चा, म्हणजे मऊ, लवचिक भाग असते, चौथ्या वर्षाच्या आसपास त्यातली निम्मीच हाडं झालेली असतात. त्या हातात बारीक पेन्सिल देऊन दुरेघीत बसवणं म्हणजे त्याला शिक्षाच आहे. तांदूळ निवडू द्या, पिठाच्या गोळ्याची वळी करू द्या, रांगोळीची चिमूट सोडू द्या. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात बालवाडी सुरू केली, पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर काम नेलं, तेव्हा शिंपले, बिया, पानं हीच साधनं होती. त्याच्याही कितीतरी आधी आपल्या गावोगावी धूळपाटी होती. धुळीत बोट फिरवताना अख्खा दंड हलतो, चुकलं तर तळहाताने पुसता येतं. फोटो काढायला मात्र काही उरत नाही. म्हणूनच ती मागे पडली असावी, असं मला वाटू लागलं आहे.

एक चूक माझीही सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एक डावखुरी मुलगी माझ्या वर्गात होती. मी तिच्या हातातली पेन्सिल रोज काढून उजव्या हातात देत असे. वर्षअखेरीस ती लिहायलाच घाबरू लागली. पुढे डावखुरी मुलं आली तेव्हा मी फक्त बघत बसले. शिरोरेघ ती उजवीकडून डावीकडे ओढत होती, कारण त्यांच्या हाताला तीच बाजू सोपी. तशीच ओढू दिली. अक्षरं छान आली. त्या पहिल्या मुलीला मात्र ते वर्ष मी परत देऊ शकले नाही.

बालवर्गांच्या चालकांना माझी कळकळीची विनंती आहे, घरून वहीचे फोटो मागवणं थांबवा. तीस मुलांच्या वर्गात रोज फक्त पाच मुलांजवळ बसा आणि पेन्सिलीचं टोक कुठे टेकतं, कुठे वळतं, कुठे उचललं जातं एवढंच बघा. आठवड्यात सगळा वर्ग होतो. मी पस्तीस मुलांचा करत असे. आणि आईबाबांनो, पानभर लिहून घेण्यापेक्षा एकच अक्षर शेजारी बसून बघा.

नातीची वही मी सध्या कपाटात ठेवली आहे. सूनबाईला पटायला दोन दिवस लागले. आता पितळी ताटात रवा पसरून आम्ही दोघी बसतो. काल तिने वरून खाली काना ओढला आणि ताट हलवून पुसून टाकला. असं सतरा वेळा केलं. ‘ग’ अजून आलेला नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वाई (जि. सातारा)