टेहळणीची गाडी तोफेच्या मापाने मोजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल रविवार पुरवणीत चाकांच्या चिलखती गाड्यांवरचा तुमचा पानभर लेख वाचला. फोटो छान आहेत, मेहनत घेतलीय हे दिसतं. पण मधल्या चौकटीत तुम्ही सगळ्या गाड्यांना तोफेच्या मापाप्रमाणे नंबर दिलेत, 105 मिलिमीटरवाली पहिली, 40 वाली तिच्याखाली आणि बिचारी जर्मन-डच फेनेक एकदम तळाला, का तर तिच्यावर नुसती मशीनगन नाहीतर ग्रेनेड लाँचर. कुस्तीचा फड आहे का हा, वजनगट लावायला? फेनेकच्या टपावर जी काठी वर येते, तिच्यावर थर्मल कॅमेरा आणि लेझर असतो, गाडी आडोशाला ठेवून फक्त डोळा वर काढायचा, हे त्या अख्ख्या लेखात कुठे पण नाही. गाडीचं काम तेच आहे हो.

मी सत्तरच्या दशकात फेरेट, म्हणजे ब्रिटिश बनावटीची छोटी चार चाकी टेहळणी गाडी, चालवलेली आहे म्हणून बोलतोय. आत दोनच माणसं, मी आणि कमांडर. वजन चार टनांच्या आसपास, रोल्स रॉईसचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, चिलखत कुठे 6 तर कुठे 16 मिलिमीटर, म्हणजे रायफलची गोळी आणि किरचा अडतील इतकंच. स्टिअरिंग उलटं कललेलं, नवा पोरगा बसला की आधी हसायचा. गियर आधी निवडून ठेवायचा आणि मग पेडल मारायचं, ते अर्धवट दाबलं तर असं उसळून यायचं की गुडघ्याला हिसका. पण त्या गाडीचा खरा दागिना रिव्हर्स. पुढे पाच गियर आणि मागे पण पाच. तोंड न वळवता सुसाट मागे यायचं. ज्याने ती बनवली त्याला टेहळणी म्हणजे काय ते कळलं होतं, बघायचं आणि सांगायला जिवंत परत यायचं.

राजस्थानात एक मोठा सराव होता तेव्हाची गोष्ट. पहाटे आम्ही वाळूच्या टेकाडाआड थांबलो, समोरच्या पार्टीचे रणगाडे येताना दिसले, आमच्या साहेबांनी शांतपणे मोजले, दिशा घेतली, वायरलेसवर कळवलं आणि मला म्हणाले पीछे. धूळ उडेल म्हणून पहिले शे-दीडशे मीटर मी अक्षरशः चालत्या बैलगाडीच्या वेगाने मागे घेतली, नंतर सोडली. त्यांना पत्ता पण लागला नाही. आमच्या बाजूच्या दुसऱ्या गाडीने मात्र मशीनगन चालवली, अंपायरने तिला लगेच बाद केलं, मेलेली म्हणून बाजूला उभी. संध्याकाळी मोठे साहेब बोलायला उभे राहिले तर शाबासकी कुणाला, त्या मेलेल्यांना! दम दाखवला म्हणे. आणि आमच्या साहेबांना सगळ्यांसमोर, एक भी राउंड नहीं? घूमने गये थे क्या? आम्ही दिलेल्या आकड्यांवर पुढची सगळी चाल ठरली होती, त्याचा उल्लेख नाही. साहेब गप्प राहिले, मी पण राहिलो, पण काल तुमची चौकट बघून तो सगळा राग परत वर आला.

तुमच्या पहिल्या नंबरवाल्या फ्रेंच एएमएक्स-10 आरसीचंच घ्या. 2023 मध्ये युक्रेनमध्ये तिला हल्ल्यात पुढे घातली आणि चिलखत पातळ म्हणून ओरड झाली. पातळच असणार, तिला रणगाडा म्हणून बनवलेलीच नाही. तोफ मोठी दिसली की तिला पुढे ढकलायचा मोह होतो, हाच तर धोका आहे. फ्रेंचांनी तिच्या जागी जॅग्वार आणली, 40 मिलिमीटरची, वर क्षेपणास्त्रं आणि डोळे भरपूर, तर तुमचे लेखक लिहितात ताकद घटवली! जर्मनांच्या जुन्या लुक्सला तर 20 मिलिमीटरचीच तोफ होती, पण मागे तोंड करून बसलेला दुसरा ड्रायव्हर होता आणि दोन्ही दिशांना ताशी 90 किलोमीटर, शिवाय आवाज कमी. तिचं नाव पण नाही लेखात.

जॅग्वारचं वजन 25 टन, हे मात्र मला पटत नाही. सुरुंगासाठी पोट जाड करावं लागतं हे मान्य, पण असंच जाड करत गेलात तर लपायचं कुठे? ड्रोन आलं म्हणून गाडी कशाला, हे लेखातलं शेवटचं वाक्य तर सोडूनच देतो. धुक्यात किंवा जॅमर लावल्यावर काय करणार आणि ते उडवणारा माणूस कशात बसून पुढे जाणार?

आता कुणीतरी लिहील की काश्मीरात श्रीनगरजवळ शालटेंगला 7 नोव्हेंबर 1947 ला पाकिस्तानातून घुसलेल्या टोळीवाल्यांशी आपल्या चिलखती गाड्या लढल्याच की. लढल्या, पण कशा? वळसा घालून टोळीवाल्यांच्या मागून आल्या, त्यांना वाटलं आपल्याच आहेत. छाती पुढे काढून नाही गेल्या.

आणि आमच्या नगरच्या व्हीआरडीईने, म्हणजे लष्करी वाहनांच्या सरकारी संशोधन संस्थेने, टाटांबरोबर बनवलेल्या आठ चाकी व्हॅप चिलखती गाडीला अख्ख्या पानात दोन ओळी? 2014 च्या डिफेक्स्पो या शस्त्रास्त्रांच्या प्रदर्शनात दाखवलेली गाडी, सप्टेंबर 2025 मध्ये मोरोक्कोत बेरशीदला तिचा कारखाना सुरू झाला, आणि तुम्ही फक्त 30 मिलिमीटर लिहून मोकळे. तिचा टेहळणीचा प्रकार पण आहे, त्यावर बघायची साधनं काय बसवणार ते विचारा ना कुणीतरी. लेखकाला नगरला पाठवा, रणगाडा संग्रहालयात जुनी रोल्स रॉईस चिलखती गाडी उभी आहे, सुरुवात तिथून करू दे.

जाता जाता, आमच्या गावात तुमचा अंक सकाळी दहानंतर येतो आणि पुरवणी दर दोन रविवारांनी गायब असते. एजंटला विचारलं तर म्हणतो वरूनच येत नाही. याबद्दल आधी पण पत्र टाकलं होतं, ते छापलं नाहीत. हे तरी छापा, आणि काटछाट करायची असेल तर हा पॅरा सोडून करा.

आपला,
एक निवृत्त दफेदार, ता. पारनेर