सुमीस, पानगळीत

प्रिय सुमे,

उत्तराला उशीर झाला, शिव्या नंतर दे. तब्येत ठीक. खोकला आहे, जाईल. लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं: ‘ईस’ मला आवडायला लागलाय. हो, तोच. अमेरिकी गायिका-हार्पवादक जोआना न्यूसमचा 2006चा अल्बम, पाच गाणी आणि पंचावन्न मिनिटांचा. ज्याच्यावरून आपण अव्याच्या गाडीत सगळा प्रवास भांडत गेलो.

लगेच कॉलर ताठ करू नकोस. तिचा आवाज मला अजूनही हट्टी पोरीचा वाटतो, मध्येच चिरकतो. आणि ‘मंकी अँड बेअर’मध्ये ऑर्केस्ट्रा तिला सुखानं गाऊ देत नाही, हे माझं मत कायम आहे. ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीनं आधी हार्प आणि आवाज टेपवर घेतले, त्यावर संगीत-संयोजक व्हॅन डाइक पार्क्सनं ऑर्केस्ट्रा रचला. ऐकताना ते कळतंच: कुणी बोलत असताना शेजारच्यानं शब्दाशब्दाला ‘वा, वा’ करावं, तसं. (अव्या करतो ना!)

पण ‘सॉडस्ट अँड डायमंड्स’मध्ये ऑर्केस्ट्राच नाही. दहा मिनिटं नुसता हार्प आणि ती. बाहेर ढगाळ, वाऱ्यावर पानं गोल गोल फिरतायत, आणि मी शब्दांचा नाद सोडून तिच्या बोटांच्या मागे लागले. दोन हातांत दोन लयी! पश्चिम आफ्रिकेतल्या कोरा या हार्पसारख्या तंतुवाद्याच्या वादनातून तिनं हे घेतलंय. तू जेवणाच्या टेबलावर तीनात चार वाजवून मला छळायचीस, तेच. सम सापडली आणि तिची ओळ मात्रेच्या अलीकडे-पलीकडे का पडते ते उमगलं. मग हिय्या करून सतरा मिनिटांचं ‘ओन्ली स्किन’ लावलं. ध्रुवपदाची वाट बघणं सोडलं की ते लांब वाटत नाही गं.

आता खरी काळजी. मला अल्बम आवडतोय की ही हवा? मुखपृष्ठावरच्या चित्रात तिच्या हातात विळा, अल्बम आला तोही नोव्हेंबरात, सगळंच या दिवसांचं. उद्या लख्ख उन्हात हाच हार्प कानाला टोचला तर? तू म्हणशील, पावसात मल्हार ऐकताना नाही पडत हा प्रश्न. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक माझ्या बाजूनं उभे आहेत. इथे हा ऋतू मी एकटीनं ठरवलाय. काल ऊन पडलं तर मी तो लावलाच नाही, ढग यायची वाट पाहत बसले. ही आवड झाली की पथ्य?

अव्याला यातलं काही सांगू नकोस. ‘एमिली’ गाण्यात अवकाशातला दगड आणि जमिनीवर पडलेला अशनी यांची उलटापालट झालीय हे त्याचं म्हणणं बरोबर आहे, पण किती वेळा ऐकायचं?

तुझ्या बदलीचं काय झालं? आईंचा गुडघा? पिल्लूला नवी शाळा मानवली, हे वाचून बरं वाटलं. सविस्तर लिही.

आणि एक सांग, खरं सांग. तू हा पहिल्यांदा कुठल्या दिवसांत ऐकलास? भर उन्हाळ्यात ऐकून आवडला असेल तर तसं कळव, म्हणजे मलाही तोवर धीर धरता येईल. कुठलं गाणं आधी पटलं तेही लिही. ‘मंकी अँड बेअर’ म्हणालीस तर मात्र भांडण पुन्हा पहिल्यापासून.

तुझीच,
माई